चार बोटांवरचा जोड

मी मोहिउद्दीन. बाभुळगावात माझी नर्सरी आहे. चाळीस वर्षं झाले, संत्र्याची कलमं बांधून राह्यलो. झाडाच्या बुडाशी माती चढवणाऱ्या किती जणांले मी तोंडावर शिव्या हासडल्या, त्याची गिनती नाही. आणि तेच मी केलं बाप्पा. तेही दुसऱ्याच्या झाडाले.

श्रीकृष्णभाऊंचा बंगला आमच्यापासून दोन कोसावर. दगडी जोतं, चारही बाजूंनी व्हरांडा, एकशे दहा वर्षांचा, पण अजून ठणठणीत. भाऊ यवतमाळले कचेरीत मोठे बाबू होते, रिटायर झाल्यावर इथंच राहाले आले. त्यांची बायको सुनीतीवहिनी दोन वर्षांखाली वारल्या आणि बागेचं रान झालं. मग पोरगी केतकी पुण्याहून आली. बागा आखून देणं हाच तिचा धंदा. जुने फोटो पाहून तिनं नकाशा काढला. विहिरीपासून निघालेला दगडी पाट मोकळा करायचा, फुलझाडं व्हरांड्यातून दिसतीन अशी लावायची, आणि मधात वहिनीचा संत्रा, त्याच्याभोवती गोल हिरवळ. काम मले दिलं.

त्या संत्र्याचं सांगतो. वहिनीचं माहेर केळापूरकडचं. तिथं परसात एक झाड होतं, पातळ सालीचं, गोड असं की विचारू नका. रस्ता रुंद होऊन राह्यला होता, त्यात ते जाणार होतं. वहिनी ओल्या फडक्यात त्याची एक काडी गुंडाळून एसटीनं माझ्याकडे आल्या. "भाऊ, मले शिकवा. मीच बांधीन." काडीवरचा डोळा, म्हणजे बारीक कोंब, सालीसकट काढायचा आणि जंभेरीच्या, म्हणजे काटेरी रानलिंबाच्या, रोपात बसवून पट्टी बांधायची. खाली मूळ जंभेरीचं, वर झाड संत्र्याचं. हा जोड जमिनीपासून वीतभर वर पाहिजे, तिथं माती लागली की झाड सडते. वहिनीनं बांधला चार बोटांवर. पहिलाच हात होता, मी म्हणलं जाऊ द्या. झाड मस्त लागलं. माहेरचं तुटलं, आणि दुनियेत त्या जातीचं हे एकच उरलं.

केतकीनं मले विचारलं होतं बरं. "चाचा, हिरवळीची माती झाडाला चालेल ना?"

"पोरी, तुह्या जन्माच्या आधीपासून हेच करून राह्यलो. मले नको शिकवू."

माझ्या डोक्यात माझी वीत होती. वहिनीचे चार बोटं साफ विसरलो. वाकून पाह्यलंही नाही. सहा बोटं माती चढवली, वर हिरवळ, कडेनं काळ्या दगडाची गोल किनार. भाऊ म्हणाले, "वा गड्या! सुनीतीनं पाहाले पाहिजे होतं." मी फुगून गेलतो.

श्रावणात पानं पिवळी पडली. मी बूड उकरलं तर डिंक वाहून राह्यला होता, साल बोटानं निघून आली. वरच्या फांद्या तवा हिरव्या होत्या. एक काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधली असती तर वहिनीचं झाड वाचलं असतं. पण भाऊ तर दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून त्या झाडाकडेच पाहत. कैची लावली की विचारणार. मग काय सांगू? चाळीस वर्षांचा कलमवाला, आणि माती चढवली? दवा लावली, म्हणलं निघन यातून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी बायकोले, कमरुन्निसाले सांगितलं तर ती रोज मागं लागे. "अजी, बोल दो ना भाऊ को!" मी तिच्यावरच खेकसायचो.

दिवाळीपर्यंत वरचं झाड वाळून गेलं. खालून मात्र जंभेरीचे हिरवेगार फुटवे आले, काटेवाले. भाऊ खुश. "मोहिउद्दीन, सुनीतीचं झाड फुटलं रे!"

मी म्हणलं, "हाव." असा मी हरामखोर.

परवा त्यांनी बोलावलं. चहा पाजला. म्हणाले, "केतकीच्या अंगणासाठी याचं एक कलम बांधून दे. आईचं झाड तिच्यापाशी असलं की मी सुटलो."

नर्सरीत माझ्याकडे संत्र्याचे शंभर कलमं. मागंच याचं एक बांधून ठेवलं होतं, असं म्हणून कोणतंही दिलं असतं तर कोणाच्या बापाले समजलं नसतं. आज सकाळी एक चांगलं पाहून पिशवीत टाकलं आणि निघालोही. फाटकापाशी पाय उचलेना. वहिनी एसटीतून उतरून माझ्या दारात उभ्या होत्या, तेच डोळ्यासमोर येऊन राह्यलं. पिशवी बाहेरच ठेवली, व्हरांड्यात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. फुटवे जंभेरीचे आहेत, संत्रा मेला, माझ्या हातानं मेला.

भाऊ रागावले नाहीत. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुले कवा समजलं?"

"श्रावणात."

"तवा जितं होतं झाड?"

"वरून जितं होतं."

"मग कलम निघालं असतं तवा?"

खोटं बोलाले अजून जागा होती. पण आता हिंमत नव्हती.

"एक नाही भाऊ. पन्नास निघाले असते."

भाऊंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मी इथंच बसलो होतो ना रे, मोहिउद्दीन. रोज इथंच बसलो होतो."