धुतलेला स्वेटर

स्वच्छ झाल्याची कुणाला लाज वाटते, असं तुम्ही कधी ऐकलं आहे का? मला वाटते. मी एक राखाडी स्वेटर बोलतोय.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांसाठी त्यांच्या बहिणीने मला विणलं. पुढे माझी कोपरं फाटली आणि मी ठिपकीचं अंथरूण झालो. ठिपकी म्हणजे त्यांची बुजरी मांजर. ती माझ्यावर निजायची, पंज्यांनी मला तिंबायची, माझे धागे ओढायची. तिच्या केसांनी मी भरून गेलो. मला त्याची किळस यायची, हे आज कबूल करतो.

ते गृहस्थ वारल्यावर मांजरांच्या संस्थेतल्या ताईंनी आम्हा दोघांना नव्या घरी दिलं. तिथे आजी आणि त्यांची सून, दोघीच. ठिपकी आली ती थेट कपाटाखाली शिरली. आजींनी मला दोन बोटांत उचललं.

"शी! काय हे पोतेरं! यावर निजायचं त्या बिचारीने?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला सुगंधी साबणात भिजवलं, उन्हात वाळवलं. खरं सांगू? मी सुखावलो. किती वर्षांनी कुणी मला माणसाचा कपडा समजलं होतं!

मग मला कपाटापाशी ठेवलं. ठिपकी पुढे आली, नाक लावलं आणि मागे सरकली ती सरकलीच. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही.

सुनेने ताईंना फोन केला.

"धुतलात?" ताई ओरडल्याच. "अहो, तिच्या ओळखीचं तेवढंच तर उरलं होतं! उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही, तर परत आणा तिला."

"झालं समाधान, आई?" सून म्हणाली.

"आता मलाच घाल कपाटाखाली," आजी पुटपुटल्या.

पण त्यांनी मला अंगात चढवलं. कपाटाकडे पाठ करून त्या फरशीवर बसल्या आणि दुपारभर मटार सोलत राहिल्या. वळून पाहिलं नाही, हाक मारली नाही.

"तुझा वास मी घालवला गं," एकदाच म्हणाल्या. "आता माझा चालवून घे."

त्यांचा घाम, डोक्याचं तेल मला लागत होतं. या वेळी मी अंग चोरलं नाही. उठताना त्यांनी मला तिथेच पसरून ठेवलं.

तुमच्या घरी असं कुणी बुजरं आलं, तर त्याच्याबरोबर आलेलं पोतेरं धुऊ नका, एवढंच माझं मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीने वाटीतलं अर्धं खाल्लं आणि ती पुन्हा कपाटाखाली गेली.