पहिल्या पंगतीत नानांचं ताट

चोपड्याजवळच्या आमच्या गावी सप्ताहाचा स्वयंपाक भिकानानांच्या हाती. गेल्या साली त्यांच्या हातून वरण खारट झालं, तर नाना दोन दिवस जेवले नाहीत. गावाला त्याचं कोण कौतुक!

यंदा काल्याच्या दिवशी कणकेच्या बट्ट्या वळताना, मदतीला आलेल्या बायांतल्या रूपाच्या हातावरचा पदर सरकला आणि नानांचा झारा गळून पडला. मनगटापासून कोपरापर्यंत फोड!

"काय व्हयनं हाई?"

"काहीच नही, नाना. सकाळी तेल उडालं."

"सकाळी? अन् बोलली नाहीस? मी कधी ओरडलो का कोणावर?"

"नाही. पण चिमूटभर मिठापायी स्वतःला उपाशी मारता. मग आमच्या हातून चुकलं तर मनातून आम्हाला काय म्हणत असाल? म्हणून सगळ्याच लपवतो, नाना."

देवळातून कीर्तनाचे टाळ ऐकू येत होते.

रूपाला दवाखान्यात धाडून नाना परतले, तोवर त्यांच्या भट्टीतल्या बट्ट्या करपल्या होत्या. आता नाना पुन्हा जेवण सोडणार, असं बायांना वाटलं.

"माझं लक्ष नव्हतं, करपल्या," नाना मोठ्यानं म्हणाले. "नव्या लावू. अन् पहिल्या पंगतीत माझंही ताट मांडा."

बायांतली ताईबाई चाचरत पुढे आली. "नाना, आजच्या वरणात माझ्याकडून दोनदा मीठ पडलं."