मिठाच्या गोणींनी पारखलेली बगी

कोपर गावच्या गोपीनाथ पाटलाला शहाणपण शिकवायला जाणाऱ्याची काही धडगत नसे. माणूस मनाचा वाईट नव्हता हो, पण हट्टी म्हणजे किती हट्टी असावा! खाडीकाठी त्याची मिठागरं. बापाबरोबर पहिल्यांदा बांधावर उतरला तेव्हापासून वस्तू पारखायची त्याची एकच रीत होती. वर मिठाच्या गोणी रचायच्या. वाकली ती वस्तू टाकाऊ, ताठ राहिली ती कामाची. घराची तुळई असो, होडी असो, नाहीतर नवी बैलगाडी असो, सगळ्यांना हाच न्याय. आणि या रीतीने तो आजवर कधी फसला नव्हता, हेच तर वाईट झालं.

दिवाळीनंतर त्याच्या बायकोला, कमळाबाईला, खोकल्याने धरलं. कल्याणच्या वैद्याने नाडी पाहिली, गोपीनाथाला अंगणात नेलं आणि म्हणाला, "क्षय आहे, पाटील. आता त्यांना जे हवं ते द्या." डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून तरातरा चालणारी ती भरल्या अंगाची बाई मार्गशीर्ष सरेस्तोवर अंथरुणात शोधावी लागेल इतकी वाळली. जीभ मात्र होती तशीच तिखट राहिली.

"काय पायजे तुला? बोल, कायपन आनतो," गोपीनाथ एका सकाळी तिच्या उशाशी बसून म्हणाला.

"काय आनाल? सवत?" ती हसली आणि हसण्यापायी किती वेळ खोकत राहिली. मग दम खाऊन म्हणाली, "मना आयेला भेटाचा हाय. बस. दुसरा काय नको."

तिची आई आवडाबाई मुरबाडच्या अलीकडच्या एका खेड्यात, अर्धांगाने खाटेला खिळलेली. कुशीवर वळवायचं तरी कमळाबाईचा भाऊ गुणाजी लागायचा. म्हणजे आईने इकडे येण्याची गोष्टच नको. लेकीलाच तिकडे जायला हवं होतं, आणि ते कसं, हा घोर गोपीनाथाला लागला.

ठाण्याला आगगाडी येऊन तीस-एक वर्षं झाली होती, कल्याणही तिच्यावरच होतं, पण मुरबाडला आगगाडीचं काय! तिकडे रस्त्यानेच जायचं. बैलगाडीच्या हादऱ्यांनी ही जायची नाही. बंद मेण्यात घातलं की हिचा जीव घाबरा व्हायचा, दार लावलं तरी श्वास कोंडायचा. उघड्यावर न्यावी तर दुपारचं ऊन. तेव्हा ज्याचा टप हवा तेव्हा मागे पाडता येतो आणि ऊन लागलं की पुन्हा चढवता येतो, अशी साहेबलोकांची, धक्के झेलणाऱ्या पोलादी कमानींवरची बगी घ्यायची, असं गोपीनाथाने ठरवलं. नवी परवडायची नाही, वापरलेली बघायची. आगऱ्याच्या दारात बगी! गावाने तोंडात बोटं घातली. "पाटलाचं डोकं फिरलंय," लोक म्हणाले. म्हणेनात का! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पहिली बगी कल्याणातच मिळाली. हरिहरपंत वकिलांच्या आईसाठी घेतलेली, आई गेल्यावर गोठ्याशेजारी उभी होती. जुनी, रंग उडालेली, पण आतली गादी हातभर जाड आणि बैठक चामड्याच्या रुंद पट्ट्यांवर टांगलेली. पंतांनी नुसता हात लावला तर पाळण्यासारखी झुलली.

"आई यात बसली की टिटवाळ्याला पोचेपर्यंत झोपून जायची," पंत म्हणाले.

गोपीनाथाने बैलगाडीतून आणलेल्या मिठाच्या गोणी उतरवल्या आणि एकेक करून बगीत चढवल्या. पंत डोळे विस्फारून बघत राहिले. चौथ्या गोणीला बगी करकरली, पाचवीला तिचं पोट चाकांच्या आसाला टेकलं.

"बघा! बसली की नाय खाली?" गोपीनाथ म्हणाला.

"अहो पाटील, तुम्हाला मीठ न्यायचंय की माणूस? बाईंना एकदा आणून बसवून तरी बघा."

"पूजा न केलेल्या गाडीत आजारी माणूस बसवत नाय आमच्यात." एवढं बोलून त्याने गोणी उतरवून घेतल्या. आता पंतांचं काय चुकलं होतं? पण गोपीनाथाला वाटलं, वकील आपली मोडकी गाडी गळ्यात मारतोय.

दुसरी ठाण्याला होती. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची. साहेब रस्ते मोजायला रानोमाळ हिंडायचा, पेट्या, तंबूचे खांब, सगळं बरोबर घेऊन. त्यामुळे बगीच्या पोलादी कमानी चांगल्या जाड, पट्ट्यांवर पट्ट्या चढवलेल्या. टप नवाकोरा, बाहेरून काळं रोगण असं की मिशी बघून घ्यावी. गोपीनाथाने तिच्यातही गोणी चढवल्या. आठ गोणी झाल्या, वर गोपीनाथ स्वतः बसला, शेजारी घोडेवाला विश्राम बसवला, तरी कमानी दबल्या न दबल्या. तशीच भरलेली बगी त्याने तलावपाळीवरून फिरवून आणली. लोण्यावरून सुरी जावी तशी गेली.

"याला म्हनतात गाडी!" गोपीनाथ खूश होऊन ओरडला. कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. कमळाला आपण सुखाने नेणार, या एका विचाराने त्याला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

बगी घरी आली. चाकांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. निघायच्या दिवशी उजाडता उजाडता गोपीनाथाने बायकोला उचललं. हातात काही आहे असं वाटेचना. नुसतं लुगडं उचलल्यासारखं. धाकटी जाऊ बायजा गाठोडं घेऊन तयार होती, "मी येतंय, वैनीला धरून बसन," म्हणाली. पण गोपीनाथाने तिला चढू दिलं नाही. "जागा मोकली ऱ्हाऊ दे. तिला आडवं पडता आलं पायजे." आणि तो स्वतः? तो पुढे विश्रामशेजारी जाऊन बसला. त्या काळी नवरा-बायकोने उघड्या बगीत शेजारी शेजारी बसणं म्हणजे गावात तोंड दाखवायची चोरी.

टप मागे पाडला होता. कमळाबाईने वर पाहिलं. किती आठवडे तिने कौलांखेरीज काही पाहिलं नव्हतं. "आभाल केवढा मोठा हाय वो," ती म्हणाली. कल्याणपर्यंत ती बोलत होती. वाटेतल्या बायकांच्या डोक्यावरच्या पाट्यांत काय आहे ते ओळखत होती, विश्रामच्या घोड्याला नावं ठेवत होती.

शहाडच्या पुढे नदी उतरून गेल्यावर रस्ता खराब झाला. नुसती खडी पसरलेली, वर दाबलेली नाही. तिथून कमळाबाईचं बोलणं बंद पडलं. गोपीनाथाने दोन-तीनदा मागे वळून विचारलं, "बरं हाय ना?" तिने दर वेळी मान हलवली. त्याला वाटलं, डोळा लागत असेल. तो विश्रामला सांगत होता, बघ कशी चाललीय, आपल्याला धक्का लागतोय का? त्यांना लागत नव्हता. पुढच्या कमानींवर दोन दणकट बाप्ये बसले होते, त्यांना कसला लागतोय!

घोड्याला पाणी दाखवायला थांबले तेव्हा गोपीनाथ खाली उतरून तिच्यापाशी गेला. तिने तोंडात पदराचा बोळा धरला होता. त्याने तो सोडवून घेतला तर बोळा लाल.

"अगो, बोलली का नाय?" तो किंचाळलाच.

"तुमी एवढ्या हौसेनं घेतली," ती पुटपुटली. "तुमाला वाईट वाटलं असतं."

त्याला काही समजेना. इतकी चांगली बगी, मग हे झालं कसं? त्याने विश्रामला म्हटलं, तू हळू हाक, मी बाजूने चालतो. आणि चालता चालता त्याने पाहिलं. खडीचा एक बारका दगड चाकाखाली आला, जाड कमानी जराही दबल्या नाहीत, आणि सगळी बैठक उसळून वर आली. कमळाबाई वीतभर उडाली आणि आपटली. पुढे दुसरा दगड, पुन्हा तेच. सुपातलं धान्य पाखडावं तशी ती पाखडली जात होती.

अरे देवा! मिठाची भरलेली गाडी बाजाराला मुकाट जाते आणि परत येताना रिकामी खडखडते, हाडं खिळखिळी करते, हे त्याच्या मिठागरावरचं शेंबडं पोर सांगेल. जन्मभर त्याच्या डोळ्यांसमोर होतं ते. जड ओझ्यासाठी केलेल्या कमानी हलक्या ओझ्याला दबतच नाहीत. पण आपली कमळा आता रिकाम्या गाडीइतकी हलकी झालीय, हे त्याने मनाला शिवू दिलं नव्हतं. पारख करताना त्याने जी तोलली ती जुनी, भरल्या अंगाची कमळा. गोपीनाथाने रस्त्यात उभ्याउभ्या स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

मग त्याने लाज सोडली. रस्त्याकडेच्या ढिगातले मोठे दगड उचलून त्याने बगीत पायाखाली भरले, जागा होती तेवढे. आपण आत चढला आणि बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला. समोरून बैलगाडीवाले येत होते, बघत होते, एक जण तर फिदीफिदी हसला. हसू दे. बगी दबली आणि सुरेख चालू लागली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

"आता बरं वाटतंय," कमळाबाई म्हणाली. मग डोळे न उघडता म्हणाली, "पयल्यापास्नं हितं का नाय बसलात? लाजत व्हतात?"

"व्हय गो. गाढव हाय मी."

"ते ठाव हाय मना," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांवर जरासं हसू आलं. मग ती आईबद्दल विचारू लागली. गाव किती राहिलं, आई जागी असेल ना, आपल्याला ओळखेल ना, की इतकी वाळलेली बाई कोण म्हणेल? गोपीनाथ प्रत्येक प्रश्नाला "हो, हो" म्हणत होता. विश्रामने मागे वळून सांगितलं, पाटील, देवळाचं शिखर दिसायला लागलं. गोपीनाथाने तिला उठवून दाखवायला तिच्या पाठीखाली हात घातला, तेव्हा ती गेलेली होती.

लेक येणार असा निरोप आधीच पोचला होता, म्हणून गुणाजीने आईची खाट सकाळीच ओसरीवर आणून ठेवली होती. बगी दारात थांबली आणि गोपीनाथ उतरेना, तेव्हा म्हातारीने ओळखलं. ती ओरडली नाही. लेकीला आणून तिच्याशेजारी निजवली तेव्हा आपल्या चालत्या हाताने तिने तिचं तोंड, खांदे, बरगड्या चाचपल्या आणि मग हमसून हमसून रडली. शेजारच्या बायांचा गलका झाला.

सवाष्ण बाईची माती सासरीच व्हायला हवी, म्हणून गावातल्या जाणत्यांनी लगेच परत निघायला सांगितलं. त्यावर आवडाबाई म्हणाली, "मना बी तिच्यासंगं घ्या. तीन वर्सांत माजी पोर मना आज मिलाली. मी सोडनार नाय." गुणाजीने नाही-हो केलं, पण म्हातारी ऐकेना. शेवटी बगीतले दगड काढून टाकले आणि तिला उचलून बगीत बसवली. लेकीचं डोकं तिच्या मांडीवर दिलं. समोर गुणाजी आणि गोपीनाथ बसले.

आणि ती बगी, काय सांगावं, जी चालली! खाली तीच खडी, तेच खाचखळगे, पण आत चौघांचा भार. कमानी दबत होत्या, उठत होत्या, कुठे आवाज नाही, कुठे हिसका नाही. कमळाबाईच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा हललं नाही.

बरंच अंतर गेल्यावर आवडाबाई म्हणाली, "जावयबापू, सकालधरनं माज्या जीवाला घोर लागलेला. वाटंच्या हादऱ्यांनी पोरीचं हाल व्हतील असं वाटं. पन तुमी लय मऊ गाडी घेतली माज्या पोरीसाठी. सुखात आली असंल ती."

"व्हय," गोपीनाथ कसाबसा म्हणाला. आपलं रडं म्हातारीला दिसायला नको होतं. उतरून जावं, बगीच्या मागून चालत चालत पोटभर रडून घ्यावं, असं त्याच्या मनात आलं. विश्रामला थांब म्हणायला त्याने तोंडही उघडलं. पण तो उतरला असता तर बगी हलकी झाली असती. म्हणून तो उतरला नाही. सासूच्या समोर, तिच्या डोळ्यांदेखत रडत, तो कोपरपर्यंत तसाच बसून राहिला.