पक्षात अडकलेली मतपत्रिका

मित्रांनो, मी एक जुनी मतपत्रिका आहे. मतपेटी न बघताच म्हातारी झाले म्हणा ना! मुक्काम कुवेतमधलं रिग्गई, शामलाताईंच्या कपाटाचा खण. सोबतीला मुदत संपलेले बताके, म्हणजे इथली ओळखपत्रं, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

माझा जन्म अमेरिकेतला. आमच्या राज्यात पक्षाचं तिकीट पुढारी वाटत नाहीत. एकाच पक्षाचे इच्छुक आधी आपसांत लढतात आणि मतदार त्यांतला एक निवडतात. या लढतीला प्रायमरी म्हणतात. जो जिंकेल, तोच नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाशी लढतो.

माझ्यावर छापलेल्या नावांत एक मुक्ताचं होतं, शामलाताईंच्या लेकीचं. ताई तिकडे नर्स होत्या, तिथल्या नागरिक झाल्या, मग यजमानांच्या नोकरीपायी इथे आल्या. मी टपालानं पोचले तेव्हा ताईंनी शेजारच्या अदिबाला बोलावून लेकीचं नाव दाखवलं. काय मिरवले मी त्या दिवशी!

पण मला यायला उशीर झाला होता आणि नेमका पितृपक्ष लागला होता. ताईंनी मला खणात ठेवलं. मग मुक्ताचा फोन आला.

"आई, बॅलट पाठवलंस?"

"पक्ष संपू दे गं, मग लगेच."

"पक्ष संपू दे? त्याच पक्षाचं तिकीट मागतेय मी!"

"तो नव्हे गं बाई, पितरांचा! पक्षात लेकीच्या शुभकार्याला हात लावू? खरी निवडणूक नोव्हेंबरात ना? तेव्हा पहिलं मत माझं."

"अगं, मुदत पितृपक्षातच संपतेय, आणि यात हरले तर नोव्हेंबरात माझं नावच नसेल."

"असं अभद्र बोलू नकोस. पक्षात तर मुळीच नको!"

मी आतून ओरडत होते, पण कागदाला कुठला आवाज? खण काही उघडला नाही. मुक्ता अगदी थोडक्यात हरली. ताई दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि त्यांचा राग करावा असं मला तरी वाटलं नाही.

नोव्हेंबरची मतपत्रिका आली. ताईंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मुक्ताचं नाव नव्हतं. मग त्यांनी खण उघडून मला बाहेर काढलं, लेकीच्या नावापुढचा गोल शाईनं नीट भरला आणि मला पुन्हा आत ठेवलं.

मित्रांनो, माया मनात कितीही असू द्या, ती वेळेवर पोचवा. माझ्यावर एक मत आहे, आणि ते मोजायला आता कोणी येणार नाही.