खंडेनवमीची पुसापुशी

"अण्णा, मी सेटिंगला हात बी लावलो न्हाय. आईशप्पथ," स्नेहल म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

अण्णा म्हणजे चन्नाप्पा. या मोठ्या दवाखान्याचं नेटवर्क ते बावीस वर्षं सांभाळत होते. पेशंटांचे सगळे एक्स-रे आणि स्कॅन तळमजल्यावरच्या साठवणीच्या मशिनमध्ये राहत. तिथून ते डॉक्टरांपर्यंत झटकन पोचावेत म्हणून चन्नाप्पांनी एक स्विच, म्हणजे केबली जोडायचा डबा, फक्त या फोटोंसाठीच राखला होता. त्या वाटेवर दुसरं काही फिरकू द्यायचे नाहीत. दसऱ्यापासून मात्र एकेक फोटो उघडायला पाच-पाच मिनिटं लागत होती. टेबलावर पेशंट आणि पडद्यावर नुसतं फिरणारं चाक! सर्जन भडकले आणि खापर फुटलं कंत्राटी स्नेहलवर. तिचा आज शेवटचा दिवस होता.

चन्नाप्पांनी चष्मा चढवला आणि नेटवर्कच्या कपाटाचं दार उघडलं. झेंडूची माळ वाळून काळी पडली होती. निळ्या केबलवरून बोट फिरवत ते खाली आले आणि थबकलेच. साठवणीची केबल कॅमेऱ्यांच्या स्विचमध्ये होती. दवाखानाभरच्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत बिचारे फोटो अडकून पडले होते.

खंडेनवमीला केबली काढून, धूळ पुसून, स्विचवर विभूतीची तीन बोटं ओढली होती ती त्यांनीच. आरतीची घाई होती आणि चष्मा टेबलावर राहिला होता. स्नेहल तर त्या दिवशी सुट्टीवर होती. बावीस वर्षं चुकला नाही की माणसाला वाटतं, आपल्याकडून चूक होणारच नाही. गेले अकरा दिवस त्यांनी सगळं तपासलं होतं, फक्त स्वतःचा हात सोडून. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी केबल जागेवर लावली. वरून लगेच निरोप आला, फोटो झटपट उघडतायत.

व्यवस्थापक हंबीरराव हसतच खाली उतरले. "बघा, पोरीला काढतो म्हटल्यावर कसं सुरळीत झालं! चन्नाप्पा, ही घ्या तुमची ऑर्डर. रिटायरमेंटनंतर आणखी एक वर्ष वाढवून दिलंय."

कागदासाठी हात पुढे झाला होता. चन्नाप्पांनी तो मागे घेतला.

"साहेब, चूक माझी हाय. पूजेला केबल मीच भलत्या स्विचात लावलतो. पोरीचा काय बी संबंध न्हाय."

हंबीररावांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. "मग पोरगी राहू दे," एवढंच म्हणाले.

"अण्णा, कशाला बोललासा?" स्नेहलनं विचारलं.

"ती माळ काढून टाक. पाकळ्या पंख्यात जातील," चन्नाप्पा म्हणाले आणि त्यांनी डब्याची पिशवी उचलली.

हुपरीची बस गाठायची होती. एक्स-रेच्या खिडकीपाशी एक म्हातारा ताटकळत उभा होता. त्यानं चन्नाप्पांना थांबवलं, "पावणं, फोटो कवा मिळंल?"

"आलाय की," खिडकीतून बाई म्हणाली.

"आयला! लई फास्ट हाय की हितलं!"

"व्हय," चन्नाप्पा म्हणाले आणि त्याला वाट देऊन बाहेर पडले.