उजवा आरसा

मार्लीनने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. ठरल्याप्रमाणे त्याचा अर्थ 'थांब' होता. तरी तीस फुटी घरगाडी मागे येतच राहिली आणि विजेच्या खांबावर आपटली तेव्हाच थांबली. खांबाला काही झालं नाही, गाडीचा मागचा दिवा फुटला.

"काय झालं?" तिच्या नवऱ्याने, गॉर्डनने, चालकाच्या म्हणजे डावीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"उजव्या आरशाच्या अगदी समोर उभी आहे मी. अजून काय नाचून दाखवू?"

"ऊन आलं गं डोळ्यावर."

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

वायोमिंगमधल्या त्या घरगाड्यांच्या तळावर एकही जागा रिकामी नव्हती. गेल्या दोन वर्षांत ज्याने त्याने घरगाडी घेतली होती, चालवायला शिकायचं काय ते मागाहून. जुन्या मंडळींची त्यामुळे चंगळ होती. दुपार कलली की ती घडीच्या खुर्च्या बाहेर टाकत आणि बीअर पीत नवख्या जोडप्यांची भांडणं बघत बसत. आजही पाच-सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या.

मार्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. नेब्रास्कातलं घर विकून तीनच आठवडे झाले होते. सोफा भाचीकडे गेला होता, कुत्रं शेजाऱ्यांकडे. ही गाडी जमली नाही तर परत जायला दारच उरलं नव्हतं.

खुर्चीतून वर्ना उठली. सत्तरीची बाई, अकरा वर्षं रस्त्यावर काढलेली.

"मनाला लावून घेऊ नका. गाडी लावणं म्हणजे घटस्फोटाची रंगीत तालीम. मी तीनदा बॅग भरली होती. तुम्ही असं करा, त्याच्या बाजूला या, डावीकडे. आरशाची भानगडच नको."

मार्लीन डावीकडे आली. गॉर्डनने एका दमात गाडी जागेवर नेऊन उभी केली. खुर्च्यांमधून टाळ्या पडल्या. त्याने खाली उतरून वाकून नमस्कार केला.

मार्लीनने टाळी वाजवली नाही. मागच्या आठवड्यात दुकानात तो एका बाईवर धडकला होता, उजवीकडून आलेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्याने दोनदा चुकवली होती, घर विकायच्या गडबडीत म्हणे.

तिने कॉफी केली. गॉर्डन टेबलापाशी बसून समोरचे डोंगर बघत होता. ती पाय न वाजवता त्याच्या उजव्या हाताला उभी राहिली आणि कप पुढे धरला. तो डोंगरच बघत राहिला. हात भरून येईपर्यंत ती तशीच उभी होती. मग ती वळसा घालून डावीकडे गेली.

"आणलीस होय? म्हटलं विसरलीस," तो म्हणाला. "उद्या घाट. दहा मैल नुसता उतार. मजा येईल बघ."

ती तडक वर्नाकडे गेली.

"मला गाडी मागे घ्यायला शिकवाल?"

"तुमच्या नवऱ्याला शिकवते की. पठ्ठ्या बरा आहे."

"त्याला नको. मला."

वर्नाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि बीअरचा डबा खाली ठेवला. "सकाळी सहाला या. तेव्हा प्रेक्षक झोपलेले असतात."

सकाळी दोन तासांत मार्लीनने एक टेबल पाडलं आणि एक झुडूप चिरडलं. गॉर्डन दुरून बघत होता. शिकवणी संपल्यावर तो किल्ली घेण्यासाठी डावीकडच्या दाराशी आला. मार्लीन तिथून हलली नाही. किल्ली तिच्या मुठीतच होती. त्याने आधी मुठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग गाडीवर हात टेकत पुढून वळसा घालून तो पलीकडे गेला, चढला आणि पट्टा लावून बसला.

ती चढून चालकाच्या जागेवर बसली.

"घाटातून नाही जायचं," ती म्हणाली. "मागे शहरात जाऊ या."

शहरात काय आहे, हे त्याने विचारलं नाही.

"डावीकडचं मी सांगतो," तो म्हणाला. "उजवीकडचं तूच बघ."