सगळेच बॉर्डरवर

अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या मराठी माणसांना शुगर नसते. ती फक्त 'बॉर्डरवर' असते. स्वानंदीने दोन दिवसांत नऊ घरं पालथी घातली आणि नऊही घरांत हेच ऐकलं. एका काकांनी तर गुलाबजाम तोंडात टाकता टाकताच सांगितलं.

स्वानंदीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. वीस वर्षांची ही मुलगी बोत्स्वानात चार महिने सार्वजनिक आरोग्य शिकून नुकतीच परतली होती, आणि आता तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. तिला हेच शिकायचं होतं. तिचे बाबा, गुरुनाथ, आयटीतले. "घरोघरी गप्पा मारायला डिग्री कशाला लागते?" असं ते रोज जेवताना विचारत. शेवटी आईने तोडगा काढला. त्र्यंबककाकांनी हो म्हटलं तर बाबांनी मेडिकलचा नाद सोडायचा, नाही म्हटलं तर स्वानंदीने मुकाट्याने डॉक्टर व्हायचं.

त्र्यंबककाका पस्तीस वर्षं हृदयाचे डॉक्टर होते. आता रिटायर झाले तरी एडिसनच्या अर्ध्या मराठी घरांत त्यांचाच शब्द चाले. "तिथे काय शिकलीस ते इथे करून दाखव," त्यांनी फर्मावलं. "दहा घरांत जाऊन शुगरची पाहणी कर. रविवारी रिपोर्ट माझ्या हातात हवा."

दहावं घर काकांचंच होतं. शनिवारी सकाळी ती टॅब्लेट घेऊन दारात उभी राहिली.

"शुगर? बॉर्डरवर. लिही," काका म्हणाले. "पण यातून तुला कळलं काय?"

काहीच कळलं नव्हतं. गाडीत बसून ती थोडी रडली आणि मग तिने बोत्स्वानात फोन लावला, म्मा बोइतुमेलोला. तिथे मोठ्या बाईला मानाने 'म्मा' म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं. ही म्मा गावातली आरोग्यसेविका. तिच्याच मागे मागे स्वानंदी चार महिने घरोघरी हिंडली होती.

सगळं ऐकून म्मा पोट धरून हसली. "पहिला प्रश्न कोणता विचारलास?"

"वय."

"आणि सकाळी कसे उठलात, हे?"

त्या गावात सकाळी कुणाच्याही दारात गेलं की आधी हेच विचारायचं, आणि मग उत्तर ऐकायला खाली बसायचं. तिने ते शंभरदा केलं होतं. इथे सगळे आपलेच, म्हणून दारातच टॅब्लेट उघडला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रविवारी तिने टॅब्लेट गाडीतच ठेवला. काका एकटेच होते. रेखाकाकू लेकीच्या बाळंतपणासाठी टेक्ससला गेल्या होत्या. तिने चहा केला आणि काकांच्या समोर बसली.

"काका, आज सकाळी उठलात कसे?"

"कसा म्हणजे? डाव्या कुशीवरून!"

काका हसले. ती नुसती बघत राहिली. गप्प बसणं हा तिथला सगळ्यांत अवघड धडा होता, आणि एडिसनच्या मराठी घरात वाढलेल्या मुलीला तर फारच. चहा अर्धा झाला. काकांनी कप खाली ठेवला.

"खरं सांगू? झोपलोच कुठे, उठायला. रात्री चारदा बाथरूमला जातो. परवा मेल आणायला गेलो, तर एक स्लीपर ड्राइव्हवेवरच राहिली. घरात आल्यावर दिसलं. पायाला कळलंच नाही गं."

याचा अर्थ शुगर पायांच्या नसांपर्यंत पोचली होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. जन्मभर त्यांनीच तो इतरांना सांगितला होता.

"काकूंना बोललात?"

"रेखाला? ती उद्याचं विमान पकडेल."

"तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट शेवटची कधी केलीत?"

"दोन वर्षं झाली. नऊ पॉइंट दोन होती."

"काका, ही बॉर्डर नाहीये."

"नाही गं. बॉर्डर मी केव्हाच क्रॉस केलीय."

स्वानंदीला भरून आलं. एवढा मोठा माणूस एवढं मोठं ओझं एकटाच वागवत होता. "उद्या सकाळी मी तुम्हाला लॅबला घेऊन जाते. काही न खाता तयार राहा," ती म्हणाली, आणि काकांनी शहाण्यासारखी मान डोलावली.

"आणि रिपोर्ट?"

"नाही झाला, काका. सगळं खोटंच लिहून आणलंय. नऊ घरं परत करावी लागतील."

काकांनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"गुरुनाथ, मुलगी पास. सगळ्या एडिसनला मी तपासलं, पण मी कसा आहे हे हिनेच विचारलं. तिला हेच शिकू दे."

स्वानंदीने आनंदाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"अहो काका, पण पुढे करिअरचं..." फोनवर बाबा अडखळले.

"ते राहू दे. तुझी शुगर किती?"

"माझी? काही विशेष नाही हो. बॉर्डरवर आहे."

काकांनी स्वानंदीकडे पाहून डोळे मिचकावले. "चहा टाकून ठेव. ती निघालीच आहे."

"का? काय झालं?"

"काही नाही रे. तू सकाळी उठलास कसा, एवढंच विचारायचंय तिला."